बोटीवरची निळी वही

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. तोक्योतलं हिगाशी-कसाई, आमच्याच इमारतीचा तिसरा मजला. हजर: शेजारचे आजोबा, वय शहाऐंशी, इचिकावाहून आलेली त्यांची लेक, आणि मी. माझा नवरा पोह्यांचा डबा घेऊन मागाहून येणार होता. विषय एकच, आजोबांची बोटीवरची वही शोधणे.

आजोबांच्या हाडांच्या आत रक्त नीट तयार होत नाही. उन्हाळ्यात निदान झालं आणि तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्यांना रक्त चढवतात. काही कागदपत्रं करायची असतील तर वसंताची वाट बघू नका, असं डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने अर्ज आणला होता. पॅसिफिकमध्ये अमेरिका हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेत होती तेव्हा हा माणूस त्या समुद्रात ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर कामाला होता, त्याचा आजार तिथून आला, हे खलाशांच्या विमा कार्यालयाने मान्य करावं, असा तो अर्ज. वडील आहेत तोवर कुणीतरी शिक्का मारून 'हो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी पहिला कागद म्हणजे खलाशाची वही. कोण कुठल्या बोटीवर कधी चढला आणि कधी उतरला, त्याचे शिक्के तिच्यात असतात.

आजोबा कोचीचे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, "केरळचे?" शिकोकू बेटावरही एक कोची आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. बोटीचं आजोबांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. कचऱ्याची जागा धुवायची पाळी आमच्या दोघांची एकाच आठवड्यात आली होती. हातात पाण्याचा पाइप होता, त्यावरून त्यांना आठवलं असावं. पंधराव्या वर्षी ते स्वयंपाक्याच्या हाताखाली बोटीवर गेले. बोटीवर गोडं पाणी मोजून मिळायचं. पाऊस आला की सगळे कपडे काढून, साबण घेऊन डेकवर. तोंड वर करून पाऊस प्यायचेसुद्धा. "मजा होती," ते म्हणाले. बॉम्बचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढचं सगळं आजारपणात कळलं. त्यांची बोट बंदरात आली तेव्हा पांढऱ्या कोटातली माणसं किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं घेऊन चढली. माशांजवळ यंत्र कटकट करायला लागलं आणि पकडलेले मासे फेकून दिले गेले. माणसांना केस कापा, अंघोळ करा असं सांगून घरी पाठवलं. एका बोटीची बातमी जगभर झाली. बाकीच्या कितीतरी बोटींना पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

आम्ही शोधायला लागलो. लेकीने गाद्यांचं कपाट उपसलं. मी देव्हाऱ्याखालचा खण, औषधांचा डबा आणि शिवणाची पेटी पाहिली. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसून होते. अधूनमधून म्हणत, "राहू द्या, ओकुसान. दमाल." शेजारच्या घरच्या बाईला इथे ओकुसान म्हणतात, मला ते नेहमी तसंच म्हणतात.

यंदाच्या मार्चमध्ये हे घर मीच आवरलं होतं. मागे राहणाऱ्यांना त्रास नको म्हणून इथली म्हातारी माणसं आपल्या हाताने घर रिकामं करत जातात. आजोबांनी मला मदतीला बोलावलं, कारण कचऱ्याचे नियम मला जपान्यांपेक्षा जास्त पाठ आहेत असा आमच्या इमारतीत माझा लौकिक आहे. वर्तमानपत्रं वेगळी, मासिकं वेगळी, पुठ्ठे वेगळे. सुतळी उभी-आडवी आवळायची आणि सकाळी आठच्या आत खाली ठेवायचं. चौदा गठ्ठे झाले होते. प्रत्येक गठ्ठ्यात काय गेलं ते मी लिहून ठेवलं होतं. ती नोंदवही माझ्या पिशवीत होती आणि तासभर मी ती काढत नव्हते.

साडेअकराला नवरा आला. डबा ठेवून म्हणाला, "यादीत बघितलंस का? तुझ्या यादीत माझा हरवलेला मोजासुद्धा सापडला होता." तो हे मराठीत बोलला, पण 'यादी' म्हणताना हाताने केलेली लिहिण्याची खूण लेकीला कळली. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी नोंदवही काढली. नववा गठ्ठा, मासिकं आणि किरकोळ. चौथी ओळ माझ्याच अक्षरात: 'छोटी निळी कापडी वही, आत शिक्के, हस्ताक्षर वाचता येत नाही. आजोबांना विचारलं. नको म्हणाले.'

ऑफिसातल्या जपानी मेल मी झरझर वाचते, पण हाताने लिहिलेलं जुनं जपानी मला लागत नाही. त्या दिवशी मी ती वही लेकीला दाखवायला ठेवू शकले असते. तासाभरात काम संपवायचं होतं, म्हणून ठेवली नाही. मी ती ओळ जपानीत सांगितली.

"नीट दाखवलीत त्यांना?" लेकीने विचारलं.

"हातात दिली होती."

"त्यांना दिसत नाही नीट."

"चष्मा लावला होता मी," आजोबा खिडकीजवळून म्हणाले. "ती मासिकांच्या मध्ये मीच सरकवली होती. ओकुसाननी बाहेर काढून विचारलं, तेव्हा पुन्हा नको म्हटलं. फार बारीक काम आहे त्यांचं, एक चिठ्ठी सुटत नाही."

"मार्चमध्ये का पण?"

"एप्रिलमध्ये लग्न होतं."

लग्न त्यांच्या नातीचं, म्हणजे या लेकीच्या मुलीचं. आजोबा सांगत गेले, तेही तुटक तुटक. त्यांच्या गावात त्या बोटींवरच्या माणसांच्या घरात मुली देत नसत, घेतही नसत. म्हणून ते गाव सोडून तोक्योला आले. लेकीच्या लग्नात सासरच्यांना सांगितलं, तरुणपणी मासळीच्या डब्यांच्या कारखान्यात होतो.

"मलाही तेच सांगितलंत," लेक म्हणाली. डॉक्टरांनी उन्हाळ्यात आधीचा व्यवसाय विचारला, तेव्हा तिला बोटीचं पहिल्यांदा कळलं होतं. मग ती माझ्याकडे वळली. "पावसाचं तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मी शाळेत होते तेव्हा दर सहा महिन्यांनी मला रक्त तपासायला न्यायचात," ती त्यांना म्हणाली. "वर्गात दुसऱ्या कुणालाच नेत नव्हते."

"दर वेळी चांगलं यायचं."

"मग नेत का होतात?"

नवऱ्याने उगाच पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

नातीला त्या रविवारी सातवा महिना होता. मुलांमध्ये, नातवंडांमध्ये असं काही उतरल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरांनी लेकीला स्पष्ट सांगितलंय. तिने तेच तीनदा विचारलं आणि तीनदा तेच उत्तर ऐकलं. तरी त्या दिवसापासून ती मुलीला रोज फोन करून बाळ हलतंय ना, एवढंच विचारते. मुलगी कोबेला असते. आई एवढी हळवी कधी झाली, याचं तिला हसू येतं म्हणे.

त्या दुपारी मी नवीन यादी केली. गठ्ठा तर परत येणार नव्हता. विमा कार्यालयाकडे जुन्या खलाशांच्या नोंदी असतात, त्यांची प्रत मागवणे. बोटीवरच्या एकाचा पत्ता आजोबांना ठाऊक होता, त्याच्याकडून लेखी जबाब घेणे. रुग्णालयाचा दाखला. अर्जावर आजोबांची सही.

सहीवर ते अडले. "करतो," म्हणाले, "पण आधी नातीला घरच्या माणसाने सांगायचं. अर्ज गेला की कागदावर माझं नाव येईल, मग कुणी बातमीदार येईल. तिला ते बाहेरून कळता कामा नये."

"बाळंतपण होऊ दे," लेक म्हणाली. "आत्ता सांगितलं तर झोप लागायची नाही तिला."

"तर मग सहीही तेव्हाच."

दोघांपैकी कुणाचं चुकतंय हे मला सांगता येईना. मी आजोबांना म्हटलं, तोपर्यंत तुमच्या तब्येतीचं काय? ते म्हणाले, "त्याची यादी डॉक्टरांकडे आहे."

आज डिसेंबरचा तिसरा आठवडा. नोंदींची प्रत आलीय, तिच्यात बोटीचं नाव आणि महिने बरोबर आहेत. त्या साथीदाराचा जबाब वृद्धाश्रमातून आला, अक्षर थरथरलेलं, पण पावसाचं त्यानेही लिहिलंय. दाखला तयार आहे. रक्त चढवायचं आता दर दोन आठवड्यांनी ठरलंय. परवा आजोबांना लिफ्टपर्यंत नेताना मध्ये दोनदा थांबावं लागलं. बाळंतपण जानेवारीच्या शेवटाला.

अर्ज आमच्या घरी आहे, कारण लेकीला तो डोळ्यासमोर नको. काल रात्रीच्या जेवणाआधी मी तिला फोन केला आणि विचारलं, सांगितलंत का? ती म्हणाली, आज उचलला होता फोन, पण मुलगी पाळण्याबद्दलच बोलत होती. रविवारी बघते.

सहीची चौकट रिकामी आहे. नातीला अजून कुणी सांगितलेलं नाही.