पवनीवर चालतंय का

आमच्या पवनी गावातला कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा क्लासवाल्याने सगळी मशिनं विकायला काढली. बाबांनी त्यातलं एक माझ्यासाठी आणलं. बाबा गवंडीकाम करतात. त्या दिवशी ते कामावरून लवकर निघाले, मॉनिटर चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि सायकल हातात धरून पायी घरी आले. मी तेव्हा कॉलेजात होते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावलं. त्याच कॉम्प्युटरवर मी वेबसाइट बनवायला शिकले. साध्या एडिटरमध्ये पीएचपीचा कोड लिहायचा, सेव्ह करायचा, ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडून बघायचं. एवढ्या कामाला ते मशीन पुरायचं.

मग पुण्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. काम घरूनच करायचं होतं. मुलाखतीत विचारलं, "चांगला लॅपटॉप आहे ना?" मी "हो" म्हटलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

पहिले काही महिने निभावलं. मग कंपनीला एका हॉस्पिटलचं काम मिळालं. रुग्णांनी मोबाइलवरून नंबर लावायचा, अशी वेबसाइट हवी होती. टीमने ठरवलं की हे काम जावास्क्रिप्टच्या नव्या फ्रेमवर्कमध्ये करायचं. सगळे खूश होते, कारण नवं शिकायला मिळणार होतं. माझ्या कॉम्प्युटरला मात्र ते झेपेना. त्याला लागणारी पॅकेजं नेटवरून उतरवतानाच मशीन अडकायचं. प्रोजेक्ट सुरू करायची आज्ञा द्यावी, तर पंखा घरघरायला लागायचा आणि माउसचा बाणसुद्धा हलायचा नाही. शेवटी मी कोड चालवून न बघताच लिहायला लागले. डोक्यात चालवायचा आणि पाठवून द्यायचा. कधी बरोबर निघायचा, कधी सगळ्यांचं काम अडायचं. मग मी सांगायची, इकडे लाईट गेली होती, इकडे नेट नव्हतं. पुण्यातल्या लोकांना ते लगेच पटायचं. गावाकडे असं असतंच, असं त्यांना वाटायचं, आणि मी ते वाटू द्यायची.

एका दुपारी पुन्हा माझ्या कोडमुळे साइट बंद पडली. मीटिंग सुरू होती. आमचा टीम लीड म्हणाला, "स्क्रीन शेअर कर, सगळे मिळून बघू."

"सर, लाईट गेलीय. कॉम्प्युटर बंद आहे. मी फोनवरून बोलतेय."

बाबा त्या दिवशी घरीच होते. आतून बाहेर जायला माझ्या खोलीतूनच वाट आहे. ते दारात थांबले, वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लाईट तं आहे ना, बेटा. काहून गेली म्हणतेस?"

माईक सुरू होता. फोन बंद करून टाकावा असं वाटलं. तेवढ्यात लीड म्हणाला, "असू दे. स्क्रीन दाखव."

मी फोनचा कॅमेरा मॉनिटरकडे वळवला. प्रोजेक्ट सुरू होताना दिसणारी निळी पट्टी कणाकणाने सरकताना सगळ्यांनी बघितली. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. लीडने विचारलं, "किती जुनं मशीन आहे हे?"

फोन स्पीकरवर होता, म्हणून बाबांनीच उत्तर दिलं. "क्लासवाल्याचा आहे, सर. चांगला आहे. आतापर्यंत एकदाही बिघडला नाही."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. तो अभिमान पुण्यात ऐकू जातोय, याची मला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज वाटली.

लीडने मग वेगळंच काही करायला सांगितलं. टीमने तोवर बनवलेलं नंबर लावायचं पान त्याने माझ्या कॉम्प्युटरवर उघडायला लावलं. आम्ही सगळे पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसलो. पान येतच नव्हतं. तो हळूच म्हणाला, "हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या लोकांचे फोन कसे असतील, याचा आपण विचारच केला नाही."

आठवड्याभरात निर्णय बदलला. पान रुग्णाच्या फोनमध्ये नाही, कंपनीच्या सर्व्हरवरच तयार करायचं आणि फोनकडे अगदी हलकं करून पाठवायचं, म्हणजे मला येत होती तीच जुनी पीएचपीची पद्धत. मला आनंद व्हायला हवा होता. पण ग्रुपवर एकाने लिहिलं, "पवनीसाठी आपण सगळे मागे चाललोय." त्यापुढे हसरा चेहरा होता. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला नवं फ्रेमवर्क शिकून पुढे दुसरीकडे जायचं होतं. मी तो मेसेज कितीदा तरी वाचला.

तेव्हापासून रीतच पडली. कुठलंही पान तयार झालं की कुणीतरी विचारायचं, "पवनीवर चालतंय का?" पवनी म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर. मी त्यावर उघडून बघायची आणि सांगायची. कंपनीने मला नवा लॅपटॉप पाठवला, पण जुनं मशीन तपासणीसाठी राहू दे म्हणाले. मीटिंगमध्ये लीड माझं कौतुक करायचा, आणि प्रत्येक कौतुकात मला ती सरकणारी पट्टी दिसायची.

बाबांनी ते वाक्य एकदा ऐकलं. संध्याकाळी ओट्यावर शेजाऱ्याला सांगत होते, "पुन्यात आपल्या पवनीचं नाव घेऊन राहिले. पोरीच्या कम्प्युटरवर चाललं तरच पुढं जाते म्हणतात."

मी बाहेर आले आणि शेजाऱ्यासमोरच म्हणाले, "बाबा, ते कौतुक नाही करून राहिले. हसतात आपल्यावर."

शेजारी उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून माझं काम सुरू असलं की बाबा माझ्या खोलीतून जाईनासे झाले. मागच्या दाराने निघायचे, शेजारच्या बोळातून वळसा घालून रस्त्यावर यायचे. हातात थापी आणि ओळंब्याची पिशवी. खिडकीतून ते दिसायचे तेव्हा मी नजर स्क्रीनवर ठेवायची.

हॉस्पिटलची साइट सुरू झाली. फोन साधे असले तरी ती उघडत होती, नंबर लागत होते. लीडचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "तुझे बाबा कसे आहेत? त्या दिवशी ते बोलले नसते तर आपण चुकीचंच बनवून बसलो असतो."

मी जेवताना बाबांना ते सांगितलं. वाटलं, आता ते हसतील.

"मी तं लाईटचंच बोललो होतो," ते म्हणाले आणि भात कालवत राहिले.

आई म्हणाली, "पोरगी काही सांगून राहिली, नीट ऐका तरी."

"ऐकून राहिलो ना."

मला माफी मागायची होती. आमच्या घरात तसे शब्द कुणी वापरत नाही. मी एवढंच म्हटलं, "बाबा, समोरूनच जात जा. मागं चिखल आहे."

आता ते समोरून जातात. पण आधी दारात थांबतात आणि हळू आवाजात विचारतात, "माईक बंद आहे का तुझा?" बंद असला तरी ते चपला हातात घेऊन, आवाज न करता खोली ओलांडतात.