ओळंब्याचं उड्डाण

आमचे भावोजी विकाऊ घरांचे फोटो काढतात. सव्वीस वर्षं तेच. त्यांच्या फोटोत भिंत कलत नाही, दाराची चौकट उभी म्हणजे उभी असते, म्हणून घरांचे दलाल त्यांना ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. तोंडावर ‘या ओळंबेसाहेब’, पाठीमागे नुसताच ओळंबा. ताईला हे नाव आवडत नाही. भावोजींना आवडतं, पण ते तसं दाखवत नाहीत.

घरात शिरल्यावर ते कॅमेरा लगेच बाहेर काढत नाहीत. खिडकीतल्या औषधाच्या बाटल्या कपाटात जातात, चपला पलंगाखाली, दात घासायचे ब्रश ड्रॉवरमध्ये. संडासाचं झाकण खाली. दिवे चालू, पंखे बंद. मग कोपऱ्यात पाठ टेकून, छातीच्या उंचीवर कॅमेरा धरून, श्वास रोखून एक फोटो. दुसऱ्या कोणाच्या फोटोत पंखा फिरताना दिसला, की ते माझ्या टेबलावर बोट आपटून म्हणायचे, “नवशिका!” शिवी द्यावी तसं. माझं टेबल म्हणजे छापखान्यातलं. त्या घरांची माहितीपत्रकं मी जुळवतो. त्यांच्या फोटोंभोवती चौरस फूट आणि बाथरूमची संख्या लावतो.

एका बुधवारी दलाल छापखान्यात आला. भावोजी तिथेच होते. दलाल त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण बोलतो मात्र आजोबांसारखा.

“ओळंबेसाहेब, आता वरून फोटो पाहिजेत. छप्पर, अंगण, मागची मोकळी जागा, सगळं एका नजरेत. जमिनीवरचं कोणी बघत नाही हो आता.”

“वरून म्हणजे?”

“ड्रोन! टेकाडावरचं एक घर आलंय. सोमवारी करून द्या. जमत असेल तर हं. नाहीतर माझ्याकडे एकजण आहे, पुढची सगळी घरं त्यालाच देतो.”

“न जमायला काय झालं?” भावोजी म्हणाले.

त्यांनी ड्रोन कधी हातातही धरला नव्हता. दलाल गेल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याचाच अभ्यास केला. मी वाचायचो, ते वहीत लिहायचे. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे परवान्याची कटकट कमी, आणि कोणाच्या डोक्यात पडलाच तर डोकं शाबूत. बोटं काढली की आहे तिथेच हवेत थांबणारा हवा. समोर भिंत आली की आपणहून थबकणारा. पात्यांभोवती जाळी. फार वेगवान नसला तरी चालेल, लांब जाणारा नसला तरी चालेल. घर काही पळून जात नाही. या सगळ्यात बसणारा एक सापडला, राखाडी, तळहाताएवढा. खाली लिहिलं होतं, ‘नवशिक्यांसाठी सर्वांत चांगला’. तेवढी ओळ भावोजींनी वहीत उतरवली नाही.

शुक्रवारी दुकानात गेलो. काउंटरमागे एक बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

“आधी कधी उडवलाय?”

“बऱ्याचदा,” भावोजी म्हणाले.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मग ठीक. नाहीतर हा छोटा दिला असता. नव्या माणसाला हाच बरा, चुका पोटात घालतो.”

“खेळणं नको.”

बाईंनी खालच्या कप्प्यातून मोठा काढला. “याचा कॅमेरा फार छान. पण हा तुमचं ऐकतो, तुम्हाला सांभाळत नाही. बाजूने भिंत आली तर याला दिसत नाही. चालेल?”

“मला तसाच लागतो.”

“कुठल्या ड्रोनवर हात बसलाय तुमचा?”

“सगळ्याच.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खोकं बांधलं. मी बोलायला हवं होतं. मी भिंतीवर टांगलेल्या वायरी मोजत राहिलो, जणू वायरी मोजायलाच आलो होतो.

रविवारी गच्चीवर त्यांनी तो चार वेळा हातभर उचलला आणि खाली ठेवला. ताई कौतुकाने बघायला आली, तर तिला म्हणाले, “तुझं खाली काही काम नाही का?”

सोमवारी सकाळी टेकाडावरच्या घरासमोर दलाल, घरमालक, भावोजी आणि मी. ऊन स्वच्छ. भावोजींनी ड्रोन पोर्चच्या छपराखाली ठेवला, कारण तिथली फरशी सपाट होती. सव्वीस वर्षं सपाट आणि सरळ तेवढंच बघितलेला माणूस. आता, उडण्याआधी हे यंत्र आकाशातल्या उपग्रहांकडून आपण कुठे आहोत ते समजून घेतं. ते समजलं की ती जागा ‘घर’ म्हणून लक्षात ठेवतं, आणि घराचं बटण दाबलं की तिथेच परत येऊन उतरतं. छपराखाली आकाश नव्हतं. रिमोटच्या पडद्यावर अक्षरं आली, ‘थांबा’.

“काय झालं, रुसला?” दलाल म्हणाला. घरमालक हसले.

भावोजींनी ती अक्षरं बोटाने बाजूला सारली आणि ड्रोन उडवला.

पोर्चमधून निघून तो वर चढला, वाऱ्याने डावीकडे सरकला आणि कुंपणाची भिंत ओलांडून शेजारच्या अंगणावर गेला. तिथल्या मोकळ्या आभाळात त्याला उपग्रह सापडले, आणि शेजारचं अंगण हेच आपलं घर असं त्याने ठरवलं. हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की ड्रोनचं तोंड फिरलंय, भावोजी उजवीकडे ढकलतायत आणि तो डावीकडे जातोय. त्यांच्या गळ्यावरून घामाचा ओघळ आला.

“घर दाबा, घर!” दलाल ओरडला.

त्यांनी दाबलं. ड्रोन शहाण्या मुलासारखा खाली उतरू लागला, भिंतीपलीकडे.

पडद्यावर अंगण मोठं होत गेलं. दोरीवर वाळत घातलेली चादर. प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत एक बाई, डोक्यावर ऊन घेत बसलेल्या. डोक्यावर एकही केस नव्हता. मोठ्या आजारात जातात, तसे गेलेले. आवाजाने त्यांनी मान वर केली. चेहरा सरळ कॅमेऱ्यात आला. मग दोन्ही हात डोक्यावर गेले. हात पुरले नाहीत. त्यांनी चादर ओढली, दोरीसकट.

आम्ही चौघं पाहत होतो. कोणीतरी पडद्यावर हात ठेवायला हवा होता.

“चकचकीत आहे,” दलाल हळूच म्हणाला आणि हसला.

आम्ही शेजारच्या फाटकापाशी गेलो तेव्हा बाई बाहेर आल्या होत्या. चादर डोक्याभोवती गुंडाळलेली, हातात ड्रोन, एका पायाला धरलेला, उलटा.

“कोण उडवत होतं?”

भावोजींचा हात उठला. बोट माझ्याकडे होतं.

“माझा मेहुणा. नवशिका आहे हो.”

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? बाईंनी ड्रोन माझ्या हातात दिला. “शिकायचं तर मोकळ्या मैदानात जाऊन शीक, बाबा. इथे माणसं राहतात.”

दुपारी ताईकडे जेवायला बसलो तर बातमी आधीच पोचलेली. तीही भावोजींच्या आवृत्तीत, दलालाने फोनवर गंमत म्हणून तशीच सांगितलेली.

“याच्या हातात यंत्र दिलंतच कसं तुम्ही?” ताई त्यांना म्हणाली. “याच्या हातून साधा कप टिकत नाही! आणि तू रे? अक्कल काय गहाण टाकलीस?”

“हो, गहाणच,” मी म्हटलं.

“वर तोंड करून बोलतोय बघा! अहो, तुम्ही तरी सांगा काहीतरी याला.”

भावोजी ताटावरून उठले. ताटात अन्न टाकून उठलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “चल,” म्हणाले. कुठे, ते मी विचारलं नाही.

शेजारच्या बाईंनी दार उघडलं. आज त्यांच्या डोक्याला रुमाल होता.

“काल हा नव्हता,” भावोजी म्हणाले. “मी होतो. मला येत नाही ते.”

“ठाऊक आहे. घामाने तुम्ही भिजला होतात. हा पोरगा तर कोरडा ठणठणीत होता.” माझं वय चाळीस आहे.

“मग काल बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तुम्ही आधीच मेल्याहून मेल्यासारखे झाला होतात.”

भावोजींनी ड्रोनमधलं छोटं कार्ड रिमोटला लावलं होतं. म्हणाले, “यात चित्रण आहे. पुसतो, तुमच्यासमोर.”

“आधी दाखवा.”

त्यांनी दाखवलं. बाई दारातच उभ्या राहून शेवटपर्यंत पाहत राहिल्या. माझी नजर पायरीवर होती.

“किती जणांनी पाहिलं?”

“चौघांनी.” ‘दोघांनी’ म्हटलं असतं तरी बाईंना कळणार नव्हतं.

“हसलं कोणी?”

“एकजण.”

“तुम्ही?”

“नाही. पण पडदा झाकलाही नाही.”

बाईंनी रिमोट हातात घेतला. “कुठलं बटण?” त्यांनी दाखवलं, बाईंनी दाबलं. “दोन महिने तेवढ्या एका जागी मला कोणी बघत नव्हतं,” त्या म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतलं, हळू, आवाज न करता. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

रस्त्यात उभं राहून भावोजींनी दलालाला फोन केला. “मला जमत नाही. शिकायला महिना तरी लागेल.” पलीकडून मोठ्याने काहीतरी ऐकू आलं. ते “बरोबर आहे तुमचं” एवढंच म्हणत राहिले, तीनदा. पुढची घरं गेली. तिथून आम्ही दुकानात गेलो. खरचटलेला मोठा ड्रोन काउंटरवर ठेवून ते म्हणाले, “नवशिक्यांचा द्या. माझ्यासाठी.” काउंटरमागच्या बाईंनी छोटा काढला आणि पात्यांची जाळी कशी बसवायची ते त्यांना दोनदा करून दाखवलं. दुसऱ्यांदा भावोजींनी स्वतः मागितलं म्हणून.

आता ते रोज सकाळी गावाबाहेरच्या मैदानात जातात. पहिले आठ दिवस नुसतं वर आणि खाली. फिरायला येणारे थांबून सल्ले देतात. “काका, जरा डावीकडे घ्या की!” भावोजी घेतात. त्यांचे कान लाल होतात, तरी घेतात.

पंधरा दिवसांनी टेकाडावरच्या घराचे फोटो माझ्या टेबलावर आले, दलालाच्या त्या दुसऱ्या ड्रोनवाल्याने काढलेले. चांगले होते. भावोजी माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते, आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्याशी थांबले. भिंतीपलीकडे खुर्ची होती. खुर्चीत नखाएवढा फिकट ठिपका. दुसऱ्या कोणाला ते उपडं घातलेलं भांडं वाटलं असतं.

“तेवढं काप.”

“त्याबरोबर मागची मोकळी जागाही जाईल. दलालाला विचारावं लागेल.”

त्यांनीच फोन लावला.

“काय ओळंबेसाहेब,” दलालाचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता, “दुसऱ्याचं काम बघून जळफळाट होतोय होय?”

“होतोय,” भावोजी म्हणाले. “खूप होतोय. तो माझ्यापेक्षा चांगला उडवतो. पण तो कोपरा कापू द्या. शेजारच्या बाई आहेत त्यात.”

“कोण बाई? हां, त्या.” दलालाचा आवाज जरा खाली आला. “पण मोकळी जागा नाही दिसली तर मी विकू काय?”

“उद्या येऊन मागची जागा मी खालून काढून देतो. फोटोखाली माझं नाव नका टाकू.”

“बरं, कापा,” दलाल म्हणाला.

मी कापू लागलो. भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“गेलं?”

“गेलं.”

तरी ते वळले नाहीत.