गटाची गाडी

आमच्या आकाराम तात्यानं आयुष्यात एकच निर्णय स्वतःच्या मनानं घ्यायचं ठरवलं होतं, आणि तोही त्याला पेलला नाही. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र, जोतीराम. राधानगरी रस्त्यावरच्या आमच्या गावात माझं खताचं दुकान आहे. तात्यानं आजवर जितक्या गाड्या घेतल्या त्या सगळ्यांच्या मागच्या सीटवर मी बसलोय, तेव्हा हे सांगायचा हक्क माझाच.

परगावच्या वाचकाला आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे माणूस जन्माला येतो तो गटात. हल्ली लोक जात विचारायला जरा लाजतात, पण गट पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी विचारतात. आणि गट ओळखायचा गाडीवरून. आमचे नेते बापूसाहेब. त्यांनी नव्वदच्या सुमारास रणजित कंपनीची जीप घेतली, तेव्हापासून त्यांच्या गटातल्या ज्याच्या हातात उसाचं बिल खुळखुळलं त्यानं रणजितच घेतली. विरोधी गटाच्या आण्णांना जपानी साकुरो आवडायची, म्हणून त्यांची माणसं साकुरोत. ऊसवाल्या मुलखात तिचं पहिल्याच आठवड्यात 'साखरा' झालं. लग्नात मांडवाच्या एका अंगाला रणजित लागायच्या, दुसऱ्या अंगाला साखरा. नवरीचा बाप बाहेर येऊन नुसत्या गाड्या बघायचा आणि आपल्याकडे कोण आलं, कोण रुसलं हे ओळखून आत जायचा.

तात्याची पहिली जीप रणजित, दुसरी रणजित, तिसरीही रणजित. गाडी दणकट, यात वाद नाही. एवढी दणकट की रस्त्यातला खड्डा तिला कळायचाच नाही, तो थेट आत बसलेल्याला कळायचा. तात्याला त्याचाही अभिमान. "गाडी कशी निष्ठावान पायजे," असं म्हणायचा. गाडीच्या निष्ठेचा आणि मणक्याचा काय संबंध, हे मी कधी विचारलं नाही.

पण तात्याच्या बायकोला, अंबूवहिनींना, ती गाडी लागायची. वहिनींचं माहेर मलकापूर. कोल्हापूर मागं टाकलं आणि वाघबिळाची वळणं सुरू झाली की वहिनी पदर तोंडाला लावायच्या आणि तात्या आरशातून बघून म्हणायचा, "वाईच दम धर की!" जणू मळमळ म्हणजे कामावरचा गडी, दम दिला की गप्प बसणारा. मलकापुरात पोचल्यावर आईच्या गळ्यात पडायच्या आधी वहिनी घरामागच्या परड्यात जाऊन ओकायच्या. होता होता त्यांनी माहेरला जाणंच सोडलं. आई ऐंशीच्या पुढं गेलेली, तिच्यानं प्रवास होत नव्हता, हिच्यानं गाडी सोसत नव्हती. दोघी फोनवर रडायच्या आणि तात्या म्हणायचा, बायकांचं असंच असतंय.

दोन हजार सात साली तात्याचा रस्त्याकडेचा तुकडा पेट्रोलपंपाला गेला आणि त्याच्या डोक्यात मोठी, आलिशान गाडी शिरली. त्याच साली साखर कारखान्याची निवडणूक होती. बापूसाहेबांच्या पॅनलमधून उमेदवारी मिळावी म्हणून तात्या इतकी वर्षं त्यांच्या मागं मागं फिरला होता, की त्याला साहेबांचा चेहरा कमी आणि पाठच जास्त ओळखीची होती.

तेव्हा वहिनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीबद्दल बोलल्या. "एकदा ती साखरा बघा की. शेजारणी म्हंत्यात, पोटातलं पानी हालत न्हाय."

आम्ही तिघं कोल्हापूरला शोरूमवर गेलो. तिथल्या टायवाल्या पोरानं गाडी फिरवून आणायला दिली. तात्यानं ती मलकापूरच्या रस्त्याला घातली. बराच वेळ मागून काही आवाज नाही म्हणून मी वळून बघितलं, तर वहिनींना डुलकी लागलेली. गाडी वळवली तशा त्या जाग्या झाल्या.

"अवं, वाघबीळ कवा यायचं?"

"आलतं की. आता माघारी निघालोय," तात्या म्हणाला.

वहिनींच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला खरंच भरून आलं. त्या म्हणाल्या, "मग हीच घ्या. मी येत्या रविवारी आईकडं जाती."

तात्या हो म्हणाला. गावात पोचेपर्यंत त्याचा हो पातळ झाला. "गाडी भारी हाय, जोत्या. पर साहेब काय म्हंतील?"

मी म्हटलं, साहेबांना तुझ्या गाडीत ओकायचं नाहीये. पण तात्याला माणसाचं पटत नाही. तो ग्रामदेवीला कौल लावायला गेला. आमच्याकडे सोयरीक, विहीर, म्हैस असल्या कामांना देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतात, आणि पडेल त्या बाजूचा कौल धरतात. ज्ञानू गुरवानं फुलं हातात घेतली आणि विचारलं, "तात्या, देवीला नीट सांगाय पायजे. उजवीकडं कंची कंपनी?"

"रणजित. उजवीकडं रणजितच."

डावीकडचं फूल पडलं. तात्या म्हणाला, वारं आलतं. पुन्हा लावलं, पुन्हा डावं. ज्ञानूनं दार लोटून घेतलं, तरी डावंच. मी म्हटलं, तात्या, देवी बाईमाणूस आहे, तिला मळमळ कळते. तात्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घालायला बाहेर आलो.

ज्ञानूच्या तोंडात तीळ भिजत नाही. पानपट्टीवर त्यानं सांगितलं, देवीनं तात्याला साखराकडं धाडलं. पानपट्टीवरून ते दूध संस्थेत गेलं आणि तिथं त्याचं दोन शब्दांत दही लागलं: तात्या फुटला. आमच्याकडे पाइप फुटतो, नारळ फुटतो आणि माणूसही फुटतो, पण पहिल्या दोन्हींची एवढी चर्चा होत नाही. आण्णांच्या गटातली माणसं शाल आणि पेढे घेऊन दारात हजर. "या पावणं, आलासा म्हनं आमच्यात!" तात्या शपथा घेत सुटला, की मी फक्त गाडी बघायला गेलतो. कुणी ऐकेना. गाडी बघायला कोण जातंय, असं लोक म्हणाले.

मग बापूसाहेबांचा निरोप आला. तात्या बंगल्यावर गेला तर साहेब झोपाळ्यावर बसलेले. चहा पाजला, पावसापाण्याची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "आकाराम, गाडी तुला हवी ती घे. आम्ही कोण सांगणार? फक्त यादी करताना कोण कुठं बसतंय, ते बघावं लागतं."

तात्यानं बंगल्यातून थेट शोरूम गाठली आणि रणजितची सगळ्यात महागडी गाडी नोंदवली. चामड्याच्या सीटा, छताला खिडकी, आणि खाली तेच जुने इमानी दणके. गाडी दारात आली. वहिनींनी ओवाळलं. चाकाखाली ठेवायला लिंबं आणली होती, त्यातलं एक त्यांनी मुठीत धरून ठेवलं.

"ते कशाला?" तात्यानं विचारलं.

"मला लागंल," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रविवारी मलकापूरला कुणी गेलं नाही.

यादी जाहीर व्हायच्या दिवशी तात्या मला घेऊन नव्या गाडीतून बंगल्यावर गेला. अंगावर कडक इस्त्री, कपाळाला टिळा. अंगणात सगळ्यांच्या पुढं एक कोरी पांढरी, काळ्या काचांची साखरा उभी होती. तात्या म्हणाला, "आण्णांची दिसत्या. हितं कशी काय?" तेवढ्यात तिच्यातून बापूसाहेब उतरले. मागनं आण्णा उतरले; गाडी मात्र साहेबांनीच घेतलेली. दोघांनी हातात हात घालून सांगितलं, की कारखान्याच्या हितासाठी दोन्ही गट एक झाले आहेत आणि निवडणूक बिनविरोध होणार आहे. तात्याच्या गावची जागा आण्णांच्या माणसाला गेली होती.

साहेब जाता जाता तात्यापाशी थांबले. रणजितवर हात फिरवला आणि मायेनं म्हणाले, "अजून हीच का रे? कंबर जाईल तुझी."

परतताना मी विचारलं, "तात्या, आता फुटलं कोण?"

तात्या भडकला. "साहेब फुटत नसत्यात. साहेब धोरण ठरिवत्यात!"

आणि त्या धोरणाला धरून महिन्याच्या आत त्यानं नवी कोरी रणजित मिळेल त्या भावात फुंकून टाकली आणि साखरा दारात उभी केली. पांढरीच. वहिनींना हाक मारून म्हणाला, "बघ, तुझ्यासाठी आनली."

वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "मी मागितली तवा ह्यो गट हुता. देवीनं सांगितलं तवा ते वारं हुतं. साहेब बसलं तवा कुठं ही गाडी झाली, व्हय?"

तात्यानं सवयीनं बंगल्याच्या दिशेला बघितलं. त्याचं उत्तर तिकडूनच यायचं असतं. वहिनींनी पिशवी भरली आणि मागच्या सीटवर येऊन बसल्या. मलकापूरपर्यंत त्यांना जरासुद्धा मळमळलं नाही. म्हातारी ओसरीवर बसली होती. लेकीला बघून उठायला गेली आणि उठता येईना, तेव्हा वहिनी तिच्या मांडीशीच बसल्या. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तात्या चुळबुळ करत म्हणाला, "न्यायला कवा येऊ?"

वहिनींनी मान वर केली नाही. "साहेबांस्नी इचारा. त्येनी म्हंतील तवा या."

परतीच्या वाटेवर बांबवड्यापर्यंत तात्या पुन्हा पुन्हा आरशातून मागं बघत होता. म्हटलं, बसलाय घाव, बसू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा गडी आतून हललाय, असं मला मनापासून वाटलं आणि त्याची दयासुद्धा आली. मग त्यानं गाडी जरा हळू केली.

"जोत्या, खरं सांग. साहेबांच्या गाडीच्या काचा काळ्या हायत न्हवं? आपल्या साध्याच दिल्यात बघ शोरूमवाल्यानं."