बिटाच्या इडलीची चव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पालकसभेत आयाबायांना मुलांच्या खाण्यावर भाषण देण्याचा मान गेली कैक वर्षं माझ्याकडेच आहे. मुलाच्या मागे ताट घेऊन धावू नका, जेवताना रागावू नका, भूक लागली की ते आपणहून मागेल, असं मी इतकं ठासून सांगते की मागे बसलेल्या आज्यासुद्धा माना डोलावतात. मग मी स्कुटीवरून सेलूला घरी येते आणि तिसरीतली माझी मुलगी तिच्या इंग्रजी शाळेतून आली, की बूट काढायच्या आत तिचं दप्तर ओढून डबा कानाशी हलवून बघते. आत धप्प वाजलं की माझा पारा चढतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी मुलांना दरवर्षी शिकवते आणि वाक्यात उपयोगही करून घेते.

यंदा पावसाळ्यापासून डबा रोज धप्प वाजायला लागला. मुलगी मुळात काडी, त्यात तापातून उठलेली. गणवेशाचा स्कर्ट पिन लावून कमरेवर राहायचा. डॉक्टरांनी पोटात अन्न जाऊ द्या, एवढंच सांगितलं होतं आणि तेवढंच माझ्याच्याने होत नव्हतं. मला खरोखर भीती वाटत होती. पण माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मी रागावते आणि रागावले की स्वयंपाकघरात शिरते.

का खाल्लं नाहीस, असं विचारलं की ती म्हणायची, भूक नव्हती. मी ठरवलं की पोरीला आपल्या साध्या पोळीभाजीचा कंटाळा आला असणार. मोबाइलवर डब्याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. पोळीला स्टीलच्या वाटीने चंद्रकोरीचा आकार दिला. गाजराची फुलं कापली. पालकाचे हिरवे घावन झाले आणि शेवटी बिटाच्या गुलाबी इडल्या आल्या. डबा भरला की आधी फोटो, मग झाकण. फोटो स्टेटसला गेला की शाळेतल्या मॅडम मंडळींच्या टाळ्या यायच्या आणि त्या टाळ्या मोजत मी ओट्याशी उभ्यानं रात्रीची भाकरी ठेच्यासोबत खायची. माझ्या सासूबाई चहा पिता पिता हे सगळं बघायच्या. एकदा त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "लेकरू वाळायलंय अन् तू फोटो काढायलीस." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांना काय कळतंय नव्या जमान्याचं, असं मनात म्हणून मी दुसऱ्या दिवशी इडलीला वरून खोबऱ्याचे डोळे लावले.

त्यात मुलीच्या वर्गशिक्षिकेने आगीत तेल ओतलं. शाळेत भेटायला गेले तर म्हणाल्या, तुमच्या मुलीचा डबा मी रोज वर्गाला उचलून दाखवते, बाकीच्या आयांनी शिकण्यासारखं आहे. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. मुलगी जेवते का, हे विचारायला गेले होते, ते विचारायचं राहूनच गेलं. घरी येताना बीट मात्र आठवणीनं घेतलं.

मग एक दिवस तिच्या शाळेला सुट्टी पडली. सासूबाई पूर्णेला लेकीकडे गेलेल्या, नवरा ड्युटीवर. घरी कोणी नाही म्हणून मी मुलीला माझ्या शाळेत घेऊन गेले. आमच्याकडे दुपारी मुलांना खिचडी असते, तरी मी तिचा डबा केलाच. खरं सांगायचं तर खेड्यातल्या शाळेला जरा माझा डबाही दिसावा, असं मनात होतं.

दुपारी मुलं आपापली ताटं घेऊन व्हरांड्यात रांगेनं बसली. मुलगीही त्यांच्यात जाऊन बसली. मी तिच्यापुढे डबा उघडला. शेजारच्या मुलांनी माना वाकड्या करून गुलाबी इडल्या बघितल्या आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात खिचडी करणाऱ्या मावशींनी नेहमीप्रमाणे माझ्यासाठी वाटीभर खिचडी आणली. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकांनी खाऊन बघायचं, असा नियमच आहे. मी फुंकर मारली, घास खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मीठ कमी आहे. मावशींनी मीठ घातलं, परत चव दिली. मी मान हलवली, तेव्हा कुठं वाढप सुरू झालं.

मुलगी हे सगळं बघत होती.

"मम्मी, तू रोज आधी खाऊन बघतीस?"

मला आवडता विषय मिळाला. मी तिला आणि ओघात अख्ख्या रांगेला सांगितलं, की जे आपल्याला खाववत नाही ते लेकरांना वाढायचं नसतं, आणि म्हणून आधी मोठ्या माणसानं खायचं असतं.

तिने डबा माझ्याकडे सरकवला. "मग हे खाऊन बघ ना."

मी हसत हसत एक इडली उचलली आणि निम्मी तोंडात घातली. चावता चावता माझं हसू गेलं. फोटोत इडली फुगलेली दिसावी म्हणून मी सोडा सढळ हाताने घालत होते. त्याचा साबणासारखा कडवटपणा, वर बिटाचा मातकट गोडवा आणि मिठाचा पत्ताच नाही. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. अख्खी रांग माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे थुंकायचीही सोय नव्हती. गिळला.

"रोज अशीच असते?" मी हळूच विचारलं.

"कधी कधी जास्त कडू असती."

एव्हाना मावशींनी तिच्यापुढे खिचडीचं ताट ठेवलं होतं. ती खायला लागली. बोटं चाटून खात होती. माझी पोरगी जेवताना बघून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी मत्सर झाला आणि त्याच्याही आधी लाज वाटली.

"मग सांगितलं का नाहीस गं मला?"

तिने तोंडातला घास संपवला. "तू लय पहाटं उठून करतीस ना. म्हणून."

म्हणजे मी तिला सांभाळत होते, असं मला वाटत होतं, आणि ते एवढंसं लेकरू इतके दिवस उपाशी राहून मला सांभाळत होतं. मला तिला तिथंच पोटाशी धरावंसं वाटलं. पण पुढे सगळी शाळा बसलेली, आणि मी पडले मॅडम. मी फक्त "जेव सावकाश" म्हणाले, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. ती दुसऱ्यांदा खिचडी घेत होती तोवर मी डब्यातल्या सगळ्या इडल्या, खोबऱ्याच्या डोळ्यांसकट, एकही न टाकता संपवल्या.