गोगलगायी मिठात घालण्याआधी

माझा धाकटा भाऊ गोगलगायींचा हाडवैरी. संगमनेरजवळ त्याचं सोयाबीन असतं, आणि दर पावसाळ्यात कोवळी रोपं त्या फस्त करतात. मग गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेला अंथरायची आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा त्याचा नेम. यंदा मी सावेडीहून गेले, तर याच गोगलगायी अंगणातल्या पिंपात, पाहुण्यांसारख्या कोबीची पानं खात होत्या.

भावाच्या मोबाईलवर निरोप आला होता: 'गोगलगायीचा रस, कर्करोगाचा काळ!!!!!!' तीनपेक्षा जास्त उद्गारचिन्हं दिसली की माझा विश्वास उडतो. पण भावजयीचे दोन किमो झाले होते. केस गेले होते, फोडणीचा वास आला तरी ती उठून बाहेर जायची. तिसरा किमो सोमवारी होता.

"आक्का, किमो बंद करू," भाऊ म्हणाला. "ह्यांचा रस देऊ. निसर्गाचं हाय, अपाय न्हाई."

"नागाचं विषही निसर्गाचंच असतं," मी म्हणाले.

भावजय भिंतीला टेकून बसली होती. "मला सोमवारी जायचंच न्हाई, आक्का. रस तर रस."

मी तिथूनच कॉलेजात फोन लावला.

शनिवारी दोघांना कॉलेजात नेलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे गोगलगायींपासून औषध मिळेल का, यावरच संशोधन करते. भावाने डबाभर गोगलगायी घेतल्या, झाकणाला भोकं पाडून.

तिने त्यातली एक उचलली आणि दाढीचं पातं उभं धरून त्याच्या धारेवर ठेवली. गोगलगाय शिंगं बाहेर काढून सावकाश धार ओलांडून गेली. अंगावर ओरखडा नाही. खाली गोगलगायीनेच अंथरलेला चिकटा होता, ज्याला आम्ही घाण म्हणून चपलेवरून खरवडतो. मी वर्गात पस्तीस वर्षं 'गोगलगाय नि पोटात पाय' शिकवलं, पण तो पाय कधी नीट पाहिला नव्हता.

"या चिकट्यातल्या द्रव्यांनी बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खरंय," ती म्हणाली.

"बघ, आक्का!" भाऊ उठलाच.

"मिठानंही मरतात, काका. बशीत मारणं सोपं. अंगातल्या बाकीच्या पेशी जगवून मारणं अवघड." मग तिने समुद्रातल्या, गोगलगायीच्या एका मऊ भाऊबंदाची गोष्ट सांगितली. त्याच्या अंगात एक जहाल द्रव्य सापडलं. मुळात ते त्याने खाल्लेल्या शेवाळासारख्या जिवांचं. नुसतं दिलं तर माणसाला झेपेना. वर्षानुवर्षं खपून लोकांनी त्यावर बेतलेलं नवं द्रव्य घडवलं, कर्करोगाची पेशी ओळखणाऱ्या प्रथिनाला बांधलं, आणि आज काही रुग्णांना ते औषध म्हणून देतात. "आपल्या शेतातल्या गोगलगायीचं अजून औषध झालेलं नाही, बाई. होईल की नाही, मला माहीत नाही."

इतक्या मोठ्या गोष्टीनंतर 'मला माहीत नाही' म्हणणारं माणूस मी आजवर व्यासपीठावर पाहिलेलं नाही. एक जीव शेवाळ खातो, आणि कुठेतरी कुणीतरी वाचतं.

भावजय मात्र नवऱ्याकडे बघत होती.

"मागच्या साली तुमी दुकानदाराचं ऐकून तणनाशक मारलं," ती म्हणाली. "गवत गेलं, अन् त्याच्याबरोबर निम्मं सोयाबीन बी गेलं. आता माझ्यावर मारता व्हय?"

"ते मक्याचं हुतं," भाऊ पुटपुटला. "सोयाबीनला चालत न्हाई."

"मंग ह्यो रस माझ्या पिकाला चालतो का, कुनी बघितलं?"

विद्यार्थिनी म्हणाली, "कुणीच नाही, काकू. किमोचं मात्र बघून झालंय."

भावजयीने डबा तिच्याकडे सरकवला. "ह्या ठेव तुला, पोरी. लागल्या तर अजून आणून द्या म्हणते ह्यांना. उरलेल्या मिठात. पीक घ्यायचं का न्हाई आमी?"

सोमवारी दवाखान्यात मी भावजयीच्या पलंगाशी बसले. भाऊ दाराशी उभा होता. नर्सने सुई लावली, बाटलीतून थेंब पडू लागले. ते औषध कुठल्या झाडाचं की जिवाचं, कुणी किती वर्षं खपून ते माणसाला झेपेल असं केलं, मला ठाऊक नव्हतं. तरी मी थेंबांकडे बघत राहिले.

भावजयीने डोळे मिटले. "हूं," ती म्हणाली, "मारा आता गवत."