उलट्या लाटा

धुळ्याच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढणारं यंत्र नवीन होतं आणि मीही नवा डॉक्टर होतो. साक्रीकडच्या एका शेतकऱ्याच्या दोन वर्षांच्या मुलीला धाप लागत होती. तिच्या आलेखात काही लाटा उलट्या दिसल्या आणि मी सांगून टाकलं, "हिचं काळीज खराब आहे."

दोष आईचाच ठरवून बापाने तिथंच बायकोला केसांना धरून भिंतीवर आपटलं. "तुना पोटमाच खोड शे!" तिचा ओठ फाटला, तरी त्याच्या लाथा थांबेनात. मी आणि कंपाउंडरने त्याला ओढून बाजूला केलं.

आरडाओरडा ऐकून मोठे डॉक्टर आले. कागद पाहून मला म्हणाले, "अहो, एवढ्या लहान मुलांत या लाटा उलट्याच असतात. छातीत कफ आहे, बस."

त्या बाईच्या ओठाला मीच टाके घातले. ती हललीसुद्धा नाही.