न गळलेलं देवधान

करडीच्या तृप्तीचा पीएचडीचा विषय ऐकून गावानं तिच्या तोंडावर हसायचं तेवढं टाळलं. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तलावात, आपोआप उगवणाऱ्या देवधानाचे, म्हणजे रानभाताचे, दाणे पिकल्यावर किती गळतात, हे ती मोजत होती. गावाला कळलं एवढंच, की ती देवधान मोजते; जे पेरावं लागत नाही, ते मोजायचं कशाला? हसले तर मीसुद्धा होते. माझा विषय दळणाच्या ओव्यांचा. बाया गातात, मी लिहून घेते, गळतीची भीती नाही.

आमचं भंडाऱ्याचं महाविद्यालय एकच. तिथल्या फलकावर जाहिरात लागली: कला असो की विज्ञान, संशोधक विद्यार्थ्यांना परराज्यातल्या एका संस्थेत वर्षभर काम, वसतिगृह आणि दरमहा पाठ्यवृत्ती. आम्ही दोघींनी अर्ज करायचं ठरवलं. तृप्तीच्या विषयाला अट होती सलग तीन हंगामांच्या नोंदींची. दोन झाल्या होत्या, तिसरा हंगाम बोडीत उभा होता. नोंदणीचं तिचं हे शेवटचं वर्ष. "यंदा झालं त झालं, नाही त पाहुणे बोलावतो," असं तिच्या वडलांनी, वासुदेवरावांनी, सांगून ठेवलं होतं.

देवधानाचा दाणा पिकला की हात लागायच्या आत पाण्यात पडतो. म्हणून बाया तो कच्चा असतानाच चार-सहा ताटं एकत्र घेऊन गाठ मारतात. ज्याची गाठ त्याचा दाणा. दुसऱ्याची गाठ सोडणं म्हणजे चोरीच. तृप्तीला मात्र गळतीच मोजायची होती. तिनं चाळीस झुपके मोकळे ठेवून त्यांच्याखाली मच्छरदाणीचं कापड ताणलं होतं.

ऐन पिकायच्या वेळी तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला बोलावून घेतलं. महाविद्यालयाची तपासणी होती आणि फायली लावायला त्यांना 'घरचं माणूस' पाहिजे होतं. घरचं माणूस म्हणजे बिनपगारी गडी, दुसरं काय! नाही म्हणावं तर शिफारसपत्रावर सही त्यांचीच. आठ दिवस ती फायली लावत बसली. मला सरांचा संताप आला होता. पण संशोधन विभागाचे प्रमुखही तेच, माझ्याही अर्जावर त्यांचीच सही लागायची. मी गप्प बसले.

नवव्या दिवशी तिच्या गाडीवर आम्ही करडीला गेलो. चाळीसच्या चाळीस झुपक्यांना गाठी होत्या. नीट, पक्क्या. कापडावर एक दाणा नव्हता.

शेजारची शकुबाई बांधावरून हसत आली. तृप्तीला देवधान ओळखायला तिनंच शिकवलं होतं.

"मीच बांधल्या, माय. दोन वर्सं पाहून राहिली, तुह्या गाठी राहूनच जातेत, सारं धान गळते. लोकं हासतेत. यंदा त तू आलीच नाही. म्हटलं, पोरीचं हसू नाही होऊ द्याचं."

दोन वर्षं अख्खं गाव तृप्तीला वेंधळी समजत होतं आणि भिडेपोटी कोणी बोललं नव्हतं. तृप्तीनं रागवावं तरी कोणावर?

तिनं सरांना फोन केला. ते म्हणाले, "मागच्या वर्षीचे आकडे जरा इकडेतिकडे करून टाक. बोडीत उतरून पाहायला कोण येणार आहे?"

दोन दिवस अर्ज तिच्यासमोर पडून होता. खोटं लिहिलं तर सुटका, खरं लिहिलं तर दारात पाहुणे. शेवटी तिनं लिहिलं: तिसरा हंगाम, नोंद नाही. मी तिला वेडी म्हणाले.

"रीता, खोटे आकडे घेऊन तिथं वर्षभर कोनत्या तोंडानं बसू?" ती म्हणाली. मग रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि तेव्हाही माझ्या मनात माझाच अर्ज होता. त्याची मला अजून लाज वाटते.

माझी निवड झाली. तिचा अर्ज परत आला. वासुदेवरावांनी पाहुण्यांना फोन लावला.

मी निरोप घ्यायला करडीला गेले, त्याच दिवशी शकुबाई टोपली घेऊन आली. काळसर, कुसळांचं धान होतं, निवडून पाखडलेलं.

"गाठ माही, पर दाना तुहाच," ती म्हणाली. "चाळीसही झुपक्याचं हाये. एकबी दाना गळू नाही देला."

तृप्तीनं ओढणी पसरून ते घेतलं.

"बेस केलं, काकू," ती म्हणाली, आणि तिला चहाला बसवलं.